पुन्हा पुन्हा आलेली अफवा खरी का वाटते आणि सोसायटीच्या ग्रुपवर तिला आवर कसा घालावा

ठाण्यातल्या घोडबंदर रस्त्यावरच्या किंवा नवी मुंबईतल्या घणसोली-खारघरच्या एखाद्या गृहसंकुलात राहणाऱ्या माणसाचे व्हॉट्सॲप ग्रुप मोजायला बसले, तर सोसायटीचा, आपल्या विंगचा, मुलांच्या शाळेचा, गावाकडच्या भावकीचा, जुन्या सहकाऱ्यांचा आणि सकाळी तलावपाळीला फेऱ्या मारणाऱ्यांचा असे पाच-सहा ग्रुप सहज निघतात. एकच मजकूर या सगळ्या वाटांनी येऊन पोहोचतो. पहिल्या वेळी ‘काहीतरीच’ म्हणून सोडून दिलेला दावा चौथ्या वेळी ‘असं ऐकलंय खरं’ या सदरात जाऊन बसतो, आणि या दोन वेळांच्या मधे नवा पुरावा म्हणावा असे काहीही हाती आलेले नसते. हे असे का होते आणि ते होऊ नये म्हणून काय करता येते, हे पुढे मांडले आहे. सोसायटीचा ग्रुप सांभाळणारे पदाधिकारी आणि घरातल्या ज्येष्ठांना फोन हाताळायला मदत करणारी मुले-सुना-नातवंडे यांना त्याचा विशेष उपयोग व्हावा, अशी अपेक्षा आहे.

मनात नेमके काय घडते

या विषयावरचा पहिला महत्त्वाचा प्रयोग अमेरिकेत लिन हॅशर, डेव्हिड गोल्डस्टीन आणि थॉमस टोपिनो या मानसशास्त्रज्ञांनी केला आणि तो १९७७ साली प्रसिद्ध झाला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने तीन वेळा बोलावून, प्रत्येक वेळी साठ विधाने देऊन ती कितपत खरी वाटतात असे विचारण्यात आले. त्यांपैकी वीस विधाने तिन्ही वेळा तीच होती, बाकीची दर वेळी नवी. नव्या विधानांवरचा विश्वास जागच्या जागी राहिला. पुन्हा आलेल्या विधानांवरचा विश्वास मात्र वाढला, आणि ती विधाने खरी होती की खोटी याने त्यात फरक पडला नाही.

याचे सर्वमान्य स्पष्टीकरण असे आहे की एकदा वाचलेला मजकूर दुसऱ्यांदा वाचताना मेंदूला कमी श्रम पडतात, आणि ही सहजता आपल्याला ‘सहजता’ म्हणून जाणवत नाही, तर ‘यात तथ्य असावे’ अशा भावनेच्या रूपाने जाणवते. सहजता दुसऱ्या कारणाने आली तरी परिणाम तोच होतो. रोल्फ रेबर आणि नॉर्बर्ट श्वार्झ यांच्या १९९९ सालच्या प्रयोगात, पांढऱ्या पार्श्वभूमीवर ठळक दिसणाऱ्या रंगात छापलेली विधाने पुसट रंगातल्या विधानांपेक्षा किंचित अधिक खरी मानली गेली. लाल-पिवळ्या चौकटीत, मोठ्या अक्षरांत, तीन उद्गारचिन्हांसह येणारे फॉरवर्ड पाहताना हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

मेंदूची ही सवय मुळात वाईट नाही. ठाणे स्थानकात ट्रान्स-हार्बरची गाडी नऊ-दहा नंबरच्या फलाटावरून सुटते, हे वाशीला नोकरीसाठी जाणाऱ्या कोणीही पाठ केलेले नसते, ते वारंवार ऐकून-पाहूनच पक्के झालेले असते. रोजच्या जगण्यात वारंवार कानावर पडणाऱ्या बहुतेक गोष्टी खऱ्या असतात, म्हणून ओळखीच्या गोष्टीवर विश्वास टाकणे हा एरवी शहाणपणाचाच व्यवहार ठरतो. अडचण अशी की समाजमाध्यमावर पुनरावृत्ती फुकट झालेली आहे. पूर्वी एखादी कंडी गावभर पिकवायला माणसांना निदान एकमेकांच्या दारापर्यंत जावे लागे, आता अंगठ्याचा एक स्पर्श पुरतो.

‘मला विषयाची माहिती आहे, त्यामुळे मी फसणार नाही’ हा आत्मविश्वास मात्र आधी बाजूला ठेवावा. लिसा फॅझिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, स्कॉटलंडमधले पुरुष नेसतात त्या चुणीदार आखूड वस्त्राचे नाव ‘साडी’ आहे, अशा स्वरूपाची विधानेही पुन्हा वाचल्यावर अधिक खरी वाटू लागली, आणि ज्यांना त्या वस्त्राचे नाव ‘किल्ट’ आहे हे ठाऊक होते त्यांच्याही बाबतीत हेच घडले. मराठी वाचकाला याचे हसू येईल. पण ज्ञान डोक्यात असणे आणि ऐन वेळी ते वापरले जाणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या प्रयोगाने दाखवून दिले.

आणखी दोन निष्कर्ष व्यवहाराच्या दृष्टीने उपयोगी आहेत. एका दाव्याची सत्तावीस वेळांपर्यंत पुनरावृत्ती करून पाहिलेल्या २०२१ सालच्या अभ्यासात विश्वासातली सर्वांत मोठी उडी दुसऱ्या वेळेला दिसली, आणि त्यापुढे वाढ मंदावत गेली. म्हणजे वीस वेळा ऐकण्याची वाट पाहावी लागत नाही, नुकसान लवकर होऊन गेलेले असते. गॉर्डन पेनिकूक आणि सहकाऱ्यांच्या २०१८ सालच्या प्रयोगांत, समाजमाध्यमावरचे खोटे मथळे एकदाच आधी दाखवले असतानाही नंतर ते अधिक अचूक वाटले, आणि ‘तथ्य-तपासनिसांनी यावर आक्षेप घेतला आहे’ अशी सूचना मथळ्यासोबत असूनही हा परिणाम पुसला गेला नाही. पृथ्वी परिपूर्ण चौकोनी आहे, यासारख्या उघड अशक्य विधानांना मात्र पुनरावृत्तीने बळ मिळाले नाही. त्यामुळे सर्वांत धोकादायक अफवा अचाट नसते. ती शक्य कोटीतली आणि आपल्या परिसरात खपणारी असते.

पावसाळ्यातला एक नमुना

दरवर्षी जून-जुलैच्या सुमारास फिरणारा ‘अपसूर्य’ किंवा ‘ॲफेलियन’चा संदेश बहुतेकांना आठवत असेल. पृथ्वी सूर्यापासून दूर जात असल्यामुळे ऑगस्टअखेर थंडी जाणवेल, सर्दी-खोकला-अंगदुखी होईल, म्हणून प्रतिकारशक्ती वाढवा, असा त्याचा सारांश. सोबत आकडे असतात: एरवीचे अंतर ९ कोटी किलोमीटर, आता ते १५.२ कोटी होणार, म्हणजे तब्बल ६६ टक्के वाढ.

हा संदेश नीट उघडून पाहिला तर टिकाऊ अफवेची घडण समजते. अपसूर्य ही घटना खरी आहे. ती दरवर्षी जुलैच्या पहिल्या आठवड्यात घडते आणि तेव्हा अंतर साधारण १५.२ कोटी किलोमीटर असते, हेही खरे आहे. खोटा आहे तो पहिला आकडा आणि त्यावरून काढलेली टक्केवारी. पृथ्वीचे सूर्यापासूनचे सरासरी अंतर सुमारे १४.९६ कोटी किलोमीटर आहे आणि जानेवारीत, ती सर्वांत जवळ असताना, ते १४.७ कोटींच्या आसपास असते. म्हणजे वर्षभरातला फरक जेमतेम ५० लाख किलोमीटरांचा, तीन-साडेतीन टक्क्यांचा आहे. जानेवारीत आपण सूर्याच्या सर्वांत जवळ असतो आणि तेव्हाच गोधड्या काढतो, एवढे ध्यानात घेतले तरी थंडीचा या अंतराशी संबंध नाही हे कळते. ऋतू होतात ते पृथ्वीच्या कललेल्या अक्षामुळे.

तरीही संदेश टिकतो, कारण जुलैत ठाण्यात पाऊस कोसळत असतो, घराघरांत कोणी ना कोणी शिंकत असते आणि संदेशाने सांगितलेले ‘अनुभवाला येते’. खरा शब्द, खरा आकडा, ओळखीचा ऋतू आणि वार्षिक पुनरावृत्ती हे चार टेकू असले की मधला एक खोटा आकडा कोणी पाहत नाही.

पहिल्याच वाचनात करायचे काम

सगळ्यांत परिणामकारक उपाय सर्वांत साधा आहे, आणि तो पहिल्या वाचनाच्या क्षणीच करावा लागतो. नाडिया ब्रॅशियर आणि सहकाऱ्यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, विधान प्रथम वाचतानाच ते खरे की खोटे याचा निवाडा करायला ज्यांना सांगितले, त्यांच्यावर पुढच्या पुनरावृत्तीचा परिणाम झाला नाही. अट एवढीच की त्या विषयाचे योग्य ज्ञान त्यांच्याकडे असायला हवे. मजकूर नुसताच डोळ्याखालून घालणाऱ्यांना ते ज्ञान उपयोगी पडले नाही.

म्हणून फॉरवर्ड उघडल्यावर मनाशी एक प्रश्न विचारण्याची सवय लावावी: ‘हे खरे आहे का, आणि मला ते कशावरून ठाऊक आहे?’ उत्तर ‘ठाऊक नाही’ असे आले तरी चालते. तो शिक्का मनात बसला पाहिजे. घरातल्या वयस्कर मंडळींना हा प्रश्न उपदेश म्हणून सांगू नये. आई किंवा सासरे चहाच्या वेळी एखादा संदेश वाचून दाखवतात तेव्हा ‘तुम्हाला काय वाटतं, हे खरं असेल?’ असे मोकळेपणाने विचारावे. त्यांच्या हाताशी साठ-सत्तर वर्षांचा अनुभव असतो, तो त्या क्षणी कामाला लागतो, आणि निष्कर्ष त्यांनीच काढलेला असल्यामुळे टिकतोही.

जे तपासायचे आहे पण आता वेळ नाही, ते पुन्हा पुन्हा उघडून पाहू नये. संशयाने केलेले वाचनही वाचनच असते आणि त्यानेही ओळख वाढते. तारांकित करून ठेवावे, रात्री एकदाच नीट तपासावे आणि विषय संपवावा.

किती वेळा ऐकले यापेक्षा किती जणांनी पाहिले

खांद्यावर बोकड घेऊन निघालेल्या ब्राह्मणाला वाटेत तीन ठग वेगवेगळ्या ठिकाणी भेटतात, प्रत्येक जण ‘हे कुत्रे कशाला घेतलेत?’ असे विचारतो आणि शेवटी तो बिचारा बोकड टाकून देतो, ही गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली आहे. समाजमाध्यमावरची परिस्थिती याहून वाईट आहे, कारण तिथे तीन ठगांचीही गरज उरत नाही. किंबर्ली वीव्हर आणि सहकाऱ्यांच्या २००७ सालच्या प्रयोगांत असे आढळले की एकाच माणसाने तेच मत तीनदा मांडले, तरी ऐकणाऱ्यांना ते मत गटात बरेच पसरलेले आहे असे वाटते. तीन वेगळ्या माणसांनी ते मांडल्यावर जेवढे वाटेल त्याच्या पुष्कळ जवळ. सोसायटीच्या ग्रुपवर दिवसभर एकच काका लिहीत असतील तर संध्याकाळी ‘सगळे तेच म्हणताहेत’ असा समज होतो, तो याचमुळे.

तेव्हा दावा कितीदा आला हे न मोजता मूळ साक्षीदार किती आहेत हे मोजावे. येऊरच्या जंगलाला लागून असलेल्या वसाहतींतले उदाहरण घेऊ. ‘आपल्या संकुलात बिबट्या शिरला’ असा व्हिडिओ आला की ठाणेकराला तो अशक्य वाटत नाही, कारण फेब्रुवारी २०१९ मध्ये कोरम मॉलच्या आवारात खरोखरच बिबट्या शिरला होता आणि त्याची सीसीटीव्ही दृश्ये सर्वांनी पाहिली आहेत. अशा वेळी पाठवणाऱ्याला शांतपणे विचारावे: ‘हा व्हिडिओ तुम्ही स्वतः काढला का? नसेल तर कोणाकडून आला?’ दोन-तीन पायऱ्या मागे गेले की बहुधा ‘दुसऱ्या ग्रुपवर आला होता’ यावर साखळी तुटते. पाच ग्रुपांवरून आलेला व्हिडिओ एकाच अज्ञात ठिकाणाहून निघाला असेल, तर त्याचा साक्षीदार जास्तीत जास्त एक.

त्यानंतर व्हिडिओकडे पाहावे. व्हिडिओ थांबवून भिंतीचा रंग, फाटक, वाहनांच्या नंबरपाट्या, दुकानांच्या फलकांवरची लिपी, जमीन ओली की कोरडी हे निरखावे. एखादा स्पष्ट स्क्रीनशॉट घेऊन चित्रावरून शोध घेणाऱ्या गूगल लेन्समध्ये टाकला की जुना व्हिडिओ असल्यास तो पूर्वी कुठे प्रसिद्ध झाला हे अनेकदा सापडते. फॉरवर्डवर दुहेरी बाणाची खूण असेल तर तो मजकूर किमान पाच हातांतून पुढे गेला आहे एवढेच कळते. खऱ्या-खोट्याचा निर्वाळा ती खूण देत नाही. शंका फिटत नसेल आणि वन्यप्राण्याचा प्रश्न असेल, तर ग्रुपवर चर्चा करत बसण्यापेक्षा वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर फोन करणे केव्हाही बरे. धरणाचे दरवाजे उघडल्याच्या किंवा पाणी शिरल्याच्या बातमीसाठी महापालिकेचा आपत्ती व्यवस्थापन कक्ष आहे. मराठीतून तथ्य-तपासणी करणारी संकेतस्थळेही आहेत. न्यूजचेकर आणि फॅक्ट क्रेसेंडो यांच्या मराठी आवृत्त्यांवर दाव्यातले दोन-तीन मुख्य शब्द टाकून शोधावे. केंद्र सरकारच्या योजनांविषयीचा दावा असेल तर पीआयबी फॅक्ट चेक पाहावे, अर्थात तो विभाग सरकारचीच बाजू मांडणारा आहे हे ध्यानात ठेवून.

अफवा खोडून काढताना तिचाच प्रचार होऊ नये

चुकीची दुरुस्ती करण्याची सर्वसाधारण पद्धत अशी असते की मूळ फॉरवर्ड जसेच्या तसे पुन्हा चिकटवायचे आणि खाली ‘फेक आहे’ असे लिहायचे. यात ज्यांनी ते पाहिले नव्हते त्यांना ते पाहायला मिळते, ज्यांनी पाहिले होते त्यांच्या ओळखीत भर पडते, आणि ‘फेक’ हा शब्द काही दिवसांनी विसरला जाऊन फक्त दावा उरण्याचा धोका असतो. याचा अर्थ गप्प बसावे असा नाही. दावा आधीच सगळीकडे पोहोचला असेल तर त्याचा एकदा उल्लेख करून खुलासा करणे मौनापेक्षा बरे, असेच संशोधकांचे मत आहे. क्रम मात्र सांभाळावा: आधी खरी माहिती, मग खोट्या दाव्याचा एकदाच उल्लेख, मग तो का पसरला याचे कारण आणि शेवटी पुन्हा खरी माहिती.

यातले ‘कारण’ सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण माणसाने एखादी गोष्ट डोळ्यांनी पाहिलेली असते आणि तिचे दुसरे स्पष्टीकरण मिळाल्याशिवाय तो जुने सोडत नाही. रेशनच्या तांदळात प्लास्टिकचे दाणे मिसळतात, या आवईचेच पाहा. ज्या बाईने तांदूळ धुताना काही दाणे वर तरंगताना स्वतः पाहिले, तिला ‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ असे सांगणे म्हणजे तिच्या डोळ्यांवर अविश्वास दाखवणे होय. ते दाणे खरेच वेगळे असतात. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि जीवनसत्त्व बी-१२ मिसळून ते यंत्रातून दाण्याच्या आकारात काढतात आणि साधारण शंभर किलो तांदळात एक किलो या प्रमाणात मिसळतात. रंगाने आणि वजनाने किंचित निराळे असल्यामुळे ते ओळखू येतात. ग्रुपवरचा खुलासा असा लिहिता येईल:

‘रेशनच्या तांदळात काही दाणे पोषक तत्त्वे घातलेले, म्हणजे फोर्टिफाइड असतात. ते तांदळाच्या पिठापासूनच बनवतात, त्यामुळे थोडे पिवळसर दिसू शकतात आणि धुताना तरंगू शकतात. हे दाणे प्लास्टिकचे असल्याचा संदेश सध्या फिरत आहे, तो चुकीचा आहे. वेगळे दिसल्यामुळे हा गैरसमज होतो. दाणे वेचून टाकू नयेत, ते खाण्यासाठीच आहेत. शंका असल्यास शिधावाटप कार्यालयात विचारावे.’

या मजकुरात कोणाला मूर्ख ठरवलेले नाही, दावा एकदाच आला आहे आणि तरंगण्याचे कोडेही सुटले आहे. एवढा मजकूर लिहायला दहा मिनिटे लागतात. तयार करून जपून ठेवला तर पुढच्या वेळी तोच उपयोगी पडतो.

ज्यांनी मूळ संदेश टाकला त्यांच्याशी मात्र खासगीत बोलावे. ‘काका, तुम्ही पाठवलेला मेसेज मी तपासून पाहिला, त्यातला सूर्याच्या अंतराचा आकडा चुकीचा निघाला. तुम्हीच ग्रुपवर दुरुस्ती टाकलीत तर लोक तुमचं ऐकतील,’ एवढे पुरते. चारचौघांत खोडले की माणूस दाव्याला चिकटून बसतो, आणि पुढचा आठवडाभर त्याच दाव्यावरून वाद चालतो, म्हणजे पुन्हा पुनरावृत्तीच. काका ऐकतीलच असे नाही. न ऐकल्यास ग्रुपवर खुलासा आपण टाकावा, नाव न घेता.

जिथे थांबायला वेळ नसतो

वरचा सगळा संथ उपचार प्लास्टिकच्या तांदळाला चालतो. मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेला तो चालत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातील राईनपाडा गावात, आठवडी बाजाराच्या दिवशी, भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने याच संशयावरून ठार मारले. त्या काळात देशभर फिरलेल्या व्हिडिओंपैकी एक कराचीतल्या एका संस्थेने बालसुरक्षेच्या जागृतीसाठी तयार केलेला होता. त्यात मोटारसायकलवरून उचललेले मूल शेवटी सुखरूप परत आणून सोडतात आणि संदेशाचा फलक दाखवतात; तो शेवट कापून उरलेला भाग पसरवण्यात आला. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाच चॅटपर्यंतच फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणली.

अशा अफवेत अनोळखी माणसाकडे बोट दाखवलेले असते: फेरीवाला, भंगारवाला, भिक्षेकरी, कुरिअरवाला. म्हणून ॲडमिनने तपासणीचा निकाल येईपर्यंत संदेश तसाच ठेवू नये. ॲडमिनला इतरांचा संदेशही सर्वांसाठी काढून टाकता येतो, तो अधिकार इथे बेलाशक वापरावा, काही तासांसाठी ग्रुप ‘फक्त ॲडमिन लिहू शकतील’ असा करावा, सुरक्षारक्षकांना प्रत्यक्ष जाऊन सांगावे की कोणालाही अडवून मारहाण होता कामा नये, आणि खरोखर संशय असेल तर ११२ वर पोलिसांना कळवावे. खोटी माहिती पसरवून लोकांत भीती निर्माण करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ खाली गुन्हा ठरू शकतो, हेही ग्रुपच्या वर्णनात एका ओळीत लिहून ठेवावे.

ग्रुपचे पंचांग

बऱ्याच अफवा ऋतुमानाप्रमाणे येतात, त्यामुळे त्यांच्या आधी पोहोचणे शक्य असते. दिवाळीत ‘नासाने टिपलेला उजळलेला भारत’ येतो. ते मुळात अनेक वर्षांच्या उपग्रह-नोंदी एकत्र करून बनवलेले रंगीत चित्र आहे, वेगवेगळे रंग वेगवेगळ्या वर्षांतली दिव्यांची वाढ दाखवतात, आणि नासाने २०१२ सालीच तसा खुलासा केला आहे. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीच्या आगेमागे युनेस्कोने आपल्या राष्ट्रगीताला जगात सर्वोत्कृष्ट ठरवल्याचा संदेश येतो. युनेस्कोने असे काही ठरवलेले नाही. जूनच्या अखेरीस अपसूर्य येतोच.

सोसायटीच्या दोन-तीन उत्साही सदस्यांनी मागच्या वर्षभराचा ग्रुप चाळून अशी यादी करावी आणि प्रत्येकाचा चार ओळींचा खुलासा आगाऊ लिहून ठेवावा. संदेश यायच्या आठवडाभर आधी खरी माहिती ग्रुपवर टाकावी, शक्यतो चित्रासह, ठळक मराठीत आणि दोन-तीन दिवसांच्या अंतराने एकाहून अधिक वेळा. पुनरावृत्तीचा जो फायदा खोट्याला मिळतो तो खऱ्यालाही मिळतो, आणि तो घ्यायला संकोच करू नये. यादीचे काम निवृत्त शिक्षकांकडे सोपवले तर उत्तम. त्यांना एकच गोष्ट न कंटाळता दहा वेळा सांगण्याची सवय असते. ज्येष्ठांच्या फोनमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरण्याची सोय त्याच बैठकीत बंद करून द्यावी, म्हणजे जुने व्हिडिओ गॅलरीत साठून वर्षभराने नव्याने फिरायला निघत नाहीत.